बाईची मूर्ती कोणी मागत नाही : धुळ्यातील सन्मानचिन्हांच्या एका दुकानाविषयी

आमच्या महिला मंडळाने यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी शिरपूर तालुक्यातील नऊ महिलांचा सत्कार केला. काही खेळाडू होत्या, काही कलावंत होत्या आणि काही जणी अशी कामे करणाऱ्या होत्या, ज्यांना घरात काम म्हणतात आणि सभेत संस्कृती म्हणतात. असे सत्कार बहुतेक ठिकाणी ८ मार्चला होतात आणि आम्हीही काही वर्षे तसेच करत होतो. पण मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा आणि गहू-हरभऱ्याची काढणी एकदम येते, आणि जिचा सत्कार करायचा ती लग्न होऊन सुरतेला किंवा नाशिकला गेलेली असते. खानदेशात सासुरवाशीण हक्काने माहेरी येते ती आखाजीला. झोके बांधलेले असतात, गौराई बसलेली असते आणि गावात एरवी न दिसणारे चेहरे दिसतात, म्हणून आम्ही तारीख बदलली. सन्मानचिन्हे करून घेण्याचे काम सचिव या नात्याने माझ्याकडे आले आणि त्यासाठी धुळ्यात आग्रा रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीतील दुकानात मला तीन आठवड्यांत पाच फेऱ्या माराव्या लागल्या. त्या पाच फेऱ्यांचा हा अनुभव आहे.

दुकान जेमतेम दहा फूट रुंद आहे. दोन्ही भिंतींना काचेची कपाटे आहेत आणि त्यांत तयार ट्रॉफ्या, ढाली व पदके खच्चून भरलेली आहेत. बॅट उगारलेला फलंदाज, मांडी थोपटणारा कबड्डीचा गडी, लंगोट लावलेला मल्ल, दंड फुगवून उभा राहिलेला व्यायामपटू आणि कोणत्याही मैदानी खेळाला चालवून घेतात असा एक धावणारा तरुण, या सगळ्यांवर सोनेरी मुलामा आहे. स्त्रीच्या आकृती मला तीन सापडल्या. एक हातात पणती घेतलेली, एक डोक्यावर घडा घेतलेली आणि एक नृत्याच्या मुद्रेत उभी असलेली. यांखेरीज डोक्यावर पदर घेतलेल्या बहिणाबाई चौधरींचा फायबरचा अर्धपुतळा होता. आमच्याकडे तो सर्वांत जास्त खपतो, असे दुकानाच्या मालकांनी सांगितले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. खेळणाऱ्या बाईची मूर्ती का नाही, असे मी विचारले तेव्हा आप्पांनी हिशेबाची वही न मिटताच उत्तर दिले, “ताई, बाईनी मूर्ती कोनीच मांगस नही.” साचे बाहेरून येतात, ज्या आकृतीला मागणी नाही तिच्यात पैसे अडकवून ठेवणे परवडत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता आणि त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. देशाच्या क्रीडा पुरस्कारांतही अर्जुन पुरस्कार म्हणून धनुष्य ताणलेल्या अर्जुनाचीच मूर्ती दिली जाते. १९६१ साली, पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, हॉकीपटू ॲन लम्सडेन यांना तो पुरस्कार मिळाला होता. तेव्हा गल्लीतल्या दुकानदाराला एकट्याला बोल लावणे बरे नाही.

तयार ट्रॉफीवर नावाची पट्टी चिकटवून घेऊन मी त्याच दिवशी परतले असते, तर या दुकानाबद्दल लिहिण्यासारखे काही उरले नसते. पण आतल्या बाजूला संगणकावर बसलेल्या त्यांच्या सूनबाईंनी आमची यादी मागून घेतली. नक्षी काढणे, अक्षरे जुळवणे आणि लेझरवर कापणी करणे ही सगळी कामे त्याच पाहतात. प्रत्येक नावासमोर “खो-खोपटू”, “लोककलावंत”, “पाककला” असे आम्ही एका-एका शब्दात लिहिले होते. त्यांनी ती यादी वाचून परत माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “मॅडम, या नेमकं काय करतात त्याचा व्हिडिओ पाठवा. उभं राहून काढलेला फोटो नको.” सन्मानचिन्हांच्या दुकानात इतकी वर्षे जाते आहे, आकार, रंग आणि दर सोडून दुसरा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

खो-खोचेच पाहा. आमच्या सत्कारमूर्ती आता चाळिशीच्या पुढे आहेत. शाळा-महाविद्यालयाच्या काळात त्या जिल्ह्याच्या संघातून खेळल्या आणि गेली कित्येक वर्षे गावातल्या मुलींना संध्याकाळी मैदानावर शिकवतात. त्यांच्या खेळण्याच्या दिवसांतील एकच छायाचित्र शिल्लक आहे आणि त्यातही त्या संघाबरोबर हात बांधून उभ्या आहेत. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर जाऊन मोबाइलवर चित्रण केले. मुलींना सूर कसा मारायचा ते दाखवताना बाईंनी स्वतःच खांबाकडे झेप घेतली आणि नेमका तोच क्षण सूनबाईंनी निवडला. ही निवड खेळ जाणणाऱ्याची होती. खो-खोत पाठलाग करणाऱ्या खेळाडूने एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही, बसलेल्या खेळाडूंच्या ओळीतून पलीकडे जाता येत नाही आणि दिशा बदलायची तर खांबापर्यंत पोहोचावे लागते. त्यामुळे खांबाजवळची शेवटची झेप हीच पुष्कळदा त्या पाठलागाचा निकाल ठरवते. धावणारा सोनेरी तरुण या खेळातले काहीच सांगत नाही.

त्या झेपेची आकृती पारदर्शक ॲक्रिलिकमधून कापून लाकडी बैठकीवर उभी करायची ठरली. पहिल्या नमुन्यात झेपेबरोबर मागे उडालेली वेणी इतकी सुंदर उतरली होती की मी तिथेच पसंती दिली. दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला, “वेणी तुटली.” तीन मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकमध्ये इतका अरुंद भाग तग धरत नाही. आप्पांचे म्हणणे पडले की वेणी काढून टाकू, आकृती तेवढीच सुटसुटीत दिसेल. सूनबाईंनी पाच मिलिमीटरचा पत्रा घेतला, वेणी थोडी रुंद केली आणि तिचे टोक खांद्याजवळ आणून जोडले. वेणी काढली असती तर ती आकृती पुन्हा कपाटातल्या तरुणासारखीच दिसली असती, हे मला त्यांच्या कृतीनंतर लक्षात आले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. तरी बाजारात या खेळाचा स्त्री-आकृतीचा साचा मिळू नये, याचे नवल वाटते. नवल भाषेचेही वाटते. मुलींच्या सामन्याच्या बातमीतसुद्धा “तिने चार गडी बाद केले” असेच छापून येते आणि मानपत्राच्या मसुद्यात मीही तेच लिहून बसले होते. पर्यायी शब्द मला सुचला नाही, म्हणून तो तसाच राहिला.

कुस्तीची अडचण चटकन सुटली, कारण गदा ही गदाच असते. महिलांच्या महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. तेव्हापासून जत्रेच्या फडात मुलीच्या खांद्यावर गदा पाहण्याची सवय आमच्याकडेही होऊ लागली आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्या शाळकरी मुलीसाठी दुकानाने लाकडी वजीर दिला. युरोपात ज्या सोंगटीला राणी म्हणतात तिला आपण वजीर म्हणतो, म्हणजे पटावरची सर्वांत बलवान बाई आपल्या घरात येताना दरबारी पुरुष होऊन येते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवल्यापासून आमच्या या मुलीची आई तिला स्पर्धांना एकटी पाठवू लागली आहे. मुलीने वजीर हातात घेतला, उलटा करून तळाशी लावलेले मखमली कापड तपासले आणि “वजन बरोबर आहे” एवढेच सांगितले.

खरी कसोटी मांडे करणाऱ्या मावशींच्या सन्मानचिन्हाची होती आणि दुकानाचे मोलही तिथेच कळले. मंडळाच्या बैठकीत या नावाला विरोध झाला होता. मांडे काय, प्रत्येक घरात होतात, असे दोघींचे म्हणणे होते. प्रत्येक घरात होतात हे आता खरे राहिलेले नाही. पुरणाचा मांडा लाटणे-पोळपाटाशिवाय होतो. गव्हाची कणीक भिजवून, मळून, तिंबून इतकी सैल आणि लवचीक करावी लागते की पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, मनगटावरून कोपराकडे खेळवत आपल्याच वजनाने पसरत जातो, आणि हातभर रुंद झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर तो एका हिसक्यात टाकायचा असतो. हिसका चुकला तर घडी पडते, वेळ चुकली तर फाटतो. या मावशी आखाजीला आणि लग्नसराईत दिवसभर चुलीसमोर बसतात आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या चार जणी आता मांड्यांवरच घर चालवतात. यादीत “पाककला” हा शब्द मीच लिहिला होता. तो अपुरा होता.

दुकानातून आधी कलश सुचवला गेला, मग पणतीवाली बाई सुचवली गेली. पणतीवाल्या बाईवर माझा राग आहे हे मी लपवत नाही. कर्तृत्व कोणतेही असो, बाईच्या हातात दिवा दिला की काम झाले, असा तो आकार आहे. सूनबाई मूळच्या चोपड्याच्या. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, की ॲक्रिलिकचे खापर करण्यात अर्थ नाही, खापर मातीचेच हवे. त्यांनी ओळखीच्या कुंभाराकडून तळहाताएवढी दोन खापरे भाजून घेतली. त्यांतले एक सागवानी फळीवर पालथे बसवले आणि त्यावर अर्धवट पसरलेला, एका बाजूने अजून हवेत असलेला मांडा पातळ पितळी पत्र्यातून ठोकून ठेवला. पत्र्याला कारागिराने कडेला किंचित सुरकुती दिली आहे, आणि प्रकाशात ती खऱ्या मांड्याच्या काठासारखी दिसते. मावशींनी ते हातात घेतल्यावर पहिली गोष्ट पाहिली ती खापराची गोलाई. “पालथं आहे ना? बरं,” असे म्हणून त्यांनी ते मांडीवर ठेवले आणि कार्यक्रम संपेपर्यंत खाली ठेवले नाही.

भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या आजींसाठी टिपऱ्यांची जोडी फळीवर बसवून दिली. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर आमच्याकडे मुली घरोघरी ही गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात आणि डब्यात कोणता खाऊ आहे ते ओळखतात. या आजींना पाठ असलेली गाणी मंडळातल्या एकीने लिहून घ्यायला सुरुवात केली आहे आणि वही अजून भरतेच आहे. “सगळ्या म्हणतात ती गाणी, त्यात आजींचे काय?” असा प्रश्न याही वेळी आला. बायकांच्या ओव्या आणि लोकपरंपरा यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या डॉ. तारा भवाळकर २०२५ मध्ये दिल्लीच्या ९८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, आणि १९६१ मधील कुसुमावती देशपांडे यांच्यापासून मोजले तर त्या या पदावरच्या सहाव्याच स्त्री आहेत, हे मी त्या बैठकीत सांगितले. त्याचा किती उपयोग झाला ते ठाऊक नाही, पण नाव यादीत राहिले. दुकानाची चांगली सूचना अशी होती की टिपऱ्या स्क्रूने आवळू नयेत, खोबणीत नुसत्या बसवाव्यात. आजींनी त्या सत्कार चालू असतानाच काढून घेतल्या आणि फळी नातीकडे दिली.

आता जिथे दुकान कमी पडले तिकडे वळते. अक्षरांचे काम हे त्याचे सर्वांत दुबळे अंग आहे. कोरणीच्या यंत्राबरोबर आलेली जुनी प्रणाली युनिकोडमधील मराठी घेत नाही, त्यामुळे आम्ही मोबाइलवरून पाठवलेला मजकूर तिथे पुन्हा जुन्या फाँटमध्ये टंकला जातो, आणि त्या फेरटंकनात अनुस्वार गळतात व जोडाक्षरे फुटतात. पहिल्या नमुन्यात “मांडे”चे “माडे” झाले होते, “पटू” ऱ्हस्व झाला होता आणि एका सत्कारमूर्तीच्या आडनावातला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता. नऊ पट्ट्यांत सात चुका निघाल्या. त्याहून वाईट म्हणजे सगळ्या नऊ नावांमागे “सौ.” लावलेले होते. त्यांत एक मुलगी नववीत शिकणारी, दोघी अविवाहित आणि आजींना पती जाऊन वीस वर्षे झालेली. आम्ही पाठवलेल्या यादीत कोणाच्याही नावामागे काही नव्हते. ते दुकानात सवयीने लागले. बायकांचा कार्यक्रम म्हटले की साच्यात “सौ.” असतेच, असे आप्पांनी मोकळेपणाने सांगितले. दुरुस्ती त्यांनी कुरकुर न करता आणि पैसे न मागता केली, परंतु दुसरा नमुना पाहिला नसता तर व्यासपीठावरच सगळे उघड झाले असते. तिथे काम देणाऱ्याने पट्टीचा प्रत्येक शब्द छापील कागदावर घेऊन वाचावा. मोबाइलच्या पडद्यावर गळलेला अनुस्वार दिसत नाही.

मंचामागच्या फलकाचे कामही आम्ही त्यांनाच दिले होते. खानदेशाशी नाते असलेल्या चार स्त्रियांची नावे त्यावर हवी होती. बहिणाबाई आसोद्याच्या. लता मंगेशकरांचे आजोळ आमच्याच तालुक्यातील तापीकाठच्या थाळनेरचे. स्मिता पाटील यांचे घराणे शिरपूरचे. प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातील. फलकाच्या मसुद्यात स्मिता पाटील यांचा जन्म शिरपूरचा दाखवला होता; त्यांचा जन्म १९५५ मध्ये पुण्यात झाला. आपल्या गावाचे माणूस म्हटले की जन्मही गावातच करून टाकण्याची हौस सगळीकडे असते, दुकानाला फक्त ती लागली. प्रतिभाताईंच्या नावाखाली २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्याचा उल्लेख होताच. महाविद्यालयात असताना टेबल टेनिसच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत त्यांनी ढाली जिंकल्या होत्या, ही ओळ आम्ही आग्रहाने घातली, कारण कार्यक्रमाला शाळेच्या मुली येणार होत्या. बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, आणि जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले २०१८ मध्ये. ही दोन वर्षे फलकावर एकाखाली एक छापून घेतली. फलकाचा कापडी पोत चांगला होता, रंग उन्हात भडक दिसले नाहीत.

दर वाजवी आहेत. ॲक्रिलिकच्या आकृतीला साडेसहाशे, खापराच्या कामाला अकराशे आणि टिपऱ्यांना पाचशे रुपये पडले, आणि जीएसटीसह पक्के बिल मिळाले. नऊ सन्मानचिन्हे व फलक मिळून आम्ही ठरवलेल्या दहा हजारांत बसलो. मात्र शुक्रवारी देण्याचे कबूल केलेले काम रविवारी दुपारी हातात आले, तेही मी स्वतः जाऊन दुकानात दोन तास बसले तेव्हा. बसायला एकच स्टूल आहे. गल्लीत गाडी लावण्याची सोय नाही, त्यामुळे चारचाकी घेऊन जाऊ नये. संख्या भरून काढण्यासाठी घेतलेल्या दोन तयार चषकांचा सोनेरी मुलामा महिनाभरात कडेने उडू लागला आहे. तो प्लास्टिकवर चढवलेला पातळ थर असतो आणि त्याचे आयुष्य तेवढेच असते, परंतु विकताना हे सांगायला हवे होते. ॲक्रिलिक पुसताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नये, त्याने पृष्ठभागावर बारीक तडे जातात. ओल्या मऊ कापडाने पुसावे. ही सूचना मात्र सूनबाईंनी प्रत्येक खोक्यात चिठ्ठी घालून दिली होती.

शंभर-दीडशे बक्षिसे एकदम हवी असतील, किंवा ८ मार्चच्या आदल्या आठवड्यात आठवण झाली असेल, तर या दुकानात जाण्यात फायदा नाही; तयार माल इतरत्रही तसाच आणि थोडा स्वस्त मिळतो. दहा-बारा जणींचा सत्कार असेल, हाताशी तीन आठवडे असतील आणि प्रत्येकीचे काम दाखवणारे काही चित्रण असेल, तर धुळ्याची फेरी वाया जाणार नाही. बोलणी मात्र काउंटरवर न करता आतल्या संगणकाशेजारी करावीत. आप्पा दर सांगतात, सूनबाई काम ऐकतात.

बांधणीबद्दल एक सांगायचे राहिले. मातीचे खापर त्यांनी नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले होते आणि मुंबई-आग्रा महामार्गावरून शिरपूरला येईपर्यंत त्याच्या कडेचा टवका उडाला. आम्ही तो भाग मागे फिरवून सत्कार उरकला. मावशींना ते घरी गेल्यावर दिसले, पण त्या काही बोलल्या नाहीत. मीच दुकानात फोन केला. कुंभाराकडून आणलेल्या दोनांपैकी दुसरे खापर सूनबाईंनी ठेवून दिले होते. ते पंधरा दिवसांनी, भुशाने भरलेल्या खोक्यात, एसटीच्या पार्सलने आले आणि त्याचे पैसे दुकानाने घेतले नाहीत.